पंक्चरच्या दुकानापासून आमच्या दारापर्यंत

मी वाळूजच्या एका कंपनीत गाड्या आपटते. खऱ्या नाही, कॉम्प्युटरवर. गाडी, सीट, पट्टा, एअरबॅग आणि आत बसलेला माणूस, या सगळ्यांचं बारीक जाळीचं मॉडेल करायचं, जाळीच्या प्रत्येक तुकड्याला त्याचा त्याचा कडकपणा द्यायचा आणि गाडी भिंतीवर घालायची. रस्त्यावर जे पापणी लवायच्या आत होतं, ते आमचं मशीन दिवसभर दळत बसतं. मग आपण चहा घेत कुणाचं काय मोडलं ते बघायचं. वीस-बावीस वर्षं हेच काम करते आहे. सुरुवातीला नातेवाईक विचारायचे, "म्हणजे गेमच की." मी हो म्हणायची. वेळ वाचायचा.

मागच्या काही वर्षांत माझ्याकडे लहान मुलांचं काम आलं. मूल म्हणजे छोटा केलेला मोठा माणूस नव्हे, हे त्यात पहिल्यांदा शिकावं लागतं. मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, आणि ते ज्या मानेवर असतं ती मान अजून तयार व्हायची असते. मणक्यांचा बराच भाग कूर्चेचा, मऊ. मोठ्या माणसाचं मॉडेल दाबून लहान केलं तर त्याची मानही मोठ्या माणसाचीच राहते आणि आलेख छान दिसतात. आमच्याकडे आलेल्या एका नव्या मुलीने एकदा तसं केलं होतं. मी तिला सगळं पुसून पहिल्यापासून करायला लावलं. तिने तोंड वाकडं केलं, पण केलं.

ज्या ग्राहकासाठी हे काम होतं, त्याने मुलाच्या बसण्याचे तीन प्रकार दिले होते. तिन्हींत मूल पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून बसलेलं. असं मूल मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मी पडेगावला राहते. तिथून कामावर जाताना नगर नाक्याच्या सिग्नलला थांबलं की आजूबाजूच्या गाड्यांत बघायची सवय लावून घेतली आणि एका वहीत लिहीत गेले. मांडीवर. आईच्या पायांमध्ये उभं. डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकवून काचेला नाक लावलेलं. महिनाभराने वही घेऊन मी सरांकडे गेले. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. हे काम मला त्यांनीच शिकवलं.

वही चाळून ते म्हणाले, "बाई, तीन मागितलेत, तीन द्या."

"चौथा प्रकार मी मशीन रिकामं असेल तेव्हा चालवते. मांडीवरचा."

"चालवा. पण अहवालात घालू नका. न मागितलेलं दाखवलं की पुढचं काम दुसरीकडे जातं."

मला ते पटलं नाही. पण त्यांनी तोंडावर सांगितलं, हे इथे नोंदवून ठेवते. पुढे त्याची किंमत कळली.

चौथ्या प्रकारासाठी मापं हवी होती. आईच्या मांडीवर बसलेलं मूल डॅशबोर्डपासून किती लांब असतं, डोकं कुठे येतं, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, कारण नियमात ते मूल तिथे नसतंच. माझा धाकटा भाऊ कन्नडला असतो. शेती बघतो आणि बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. त्या वर्षी त्याने नवी गाडी घेतली होती आणि पुढे दोन एअरबॅगा आहेत हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. मी दिवाळीला गेले तेव्हा गाडी अंगणातच होती. मी टेप काढला. भावजयीला पुढच्या सीटवर बसवलं आणि तीन वर्षांच्या भाचीला तिच्या मांडीवर.

"कशाला गं अक्का?" भावाने विचारलं.

"ऑफिसचं काम आहे."

"घे, घे. आमच्या पोरीचं माप जाऊ दे कंपनीत."

तो खूश होता. भाची हलत होती म्हणून तिच्या हातात चकली दिली. हनुवटीपासून डॅशबोर्डपर्यंत एक वीत आणि चार बोटं भरली. मी आकडे लिहून घेतले, फोटो काढले, फराळ खाल्ला आणि परत आले.

मॉडेल चालवलं तेव्हा गाडीचा वेग मुद्दाम कमी ठेवला होता. शहरातल्या शहरात कुणीही मागून-पुढून ठोकतो तेवढा. डॅशबोर्डचं झाकण उघडलं, बॅग बाहेर आली आणि फुगायच्या आतच मुलाच्या हनुवटीखाली शिरली. लोकांना एअरबॅग म्हणजे उशी वाटते. मोठा माणूस तिच्यापर्यंत पोहोचतो तोवर ती उशी झालेली असते. त्याआधी ती बुक्की असते, आणि मूल त्या बुक्कीच्या जागेवरच बसलेलं असतं. डोकं वर आणि मागे गेलं, धड आईच्या अंगाला चिकटून राहिलं, मधे मान. मानेच्या ताणाला एक मर्यादा ठरलेली असते, ती आम्ही आलेखावर लाल रेघेने दाखवतो. माझा आलेख त्या रेघेच्या वर गेला आणि मग चौकटीच्याही बाहेर गेला. पूर्ण दिसावा म्हणून मला मोजपट्टी बदलावी लागली. इतक्या वर्षांत ती मी एक-दोनदाच बदलली असेल.

जाळीच्या बाहुलीला चेहरा नसतो. राखाडी असते सगळी. पण तिचं बसणं माझ्या भाचीचं होतं. डावा खांदा जरा पुढे, चकलीच्या हाताचा. मी फाइल बंद केली आणि त्या रविवारी लॅपटॉप घेऊन कन्नडला गेले.

भावाला आणि भावजयीला समोर बसवून दाखवलं. एकदा पूर्ण वेगाने, ज्यात काही कळत नाही, आणि मग हळू. भावजय दुसऱ्यांदा बघेना, उठून आत गेली. भावाने पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही आमची हाय का?"

"मापं तिची आहेत."

त्याने पोरीला जवळ ओढलं. तिच्या गळ्याची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि म्हणाला, "हिच्या गळ्याशपथ, आजपासून पुढं बसवणार नाय." आमच्याकडे ही शपथ अशीच घेतात. भाजी तिखट झाली का, पैसे दिले का, सगळ्याला गळ्याशपथ. पण स्वतःच्या पोरीच्या गळ्याला हात लावून घेतली की ती खरी धरायची, असं आम्ही लहानपणापासून मानत आलो. मला शपथांचं काही नाही. तरीही मी ती धरली. मी नुकतीच त्या गळ्याचा आलेख बघून आले होते आणि मला वाटलं, त्यानेही तो पाहिला आहे.

पुढच्या आठवड्यात मी गाडीत बांधायची मुलांची खुर्ची घेतली आणि स्वतः जाऊन मागच्या सीटवर घट्ट बांधून दिली. खांद्याचे पट्टे खालून दुसऱ्या खाचेत लावले. मूल वाढलं की ते वरच्या खाचेत घ्यायचे, हे भावजयीला दोनदा करून दाखवलं. तिनेही एकदा करून दाखवलं.

त्यानंतर सव्वा वर्ष ते दर पंधरा दिवसांनी रविवारी आमच्याकडे येत राहिले. आमच्या आईच्या डोळ्यांवर इथे उपचार चालू होते आणि ती माझ्याकडेच राहत होती. गाडी दाराशी थांबली की मी बाहेर यायची. भाची मागे खुर्चीत, पट्ट्यांत, पाय हलवत. मी पट्टा सोडवायची. मला समाधान वाटायचं, ते लपवत नाही. ऑफिसात नव्या पोरापोरींना शिकवताना मी हे उदाहरण द्यायची. अहवालात जागा मिळाली नाही तरी बिघडत नाही, म्हणायची, आपण दाखवलं तर लोक ऐकतात, माझ्याच घरात ऐकलं. सर एकदा दारात उभे राहून हे ऐकत होते.

मग एका रविवारी जेवणं झाल्यावर शेजारच्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. भाऊ आडवा झाला होता. किल्ली घेऊन मीच गेले. ड्रायव्हरच्या सीटवर बसले तेव्हा ऊन बाजूच्या काचेतून डॅशबोर्डवर तिरपं पडलं होतं. शेजारच्या सीटसमोर, नेमकं एअरबॅगच्या झाकणावर, धुळीत दोन पाय उमटले होते. अनवाणी, पाचही बोटं स्पष्ट, माझ्या तळहाताएवढे. शेजारी तीन फुलपाखरांचे स्टिकर चिकटवलेले. एकाचा पंख झाकणाच्या फटीवर होता.

मी गाडीतून उतरले, मागचं दार उघडलं आणि खुर्ची बघितली. खांद्याचे पट्टे दुसऱ्याच खाचेत होते, मी लावले तिथेच. पोर सव्वा वर्षात चांगली वाढली होती, तिचा खांदा आता त्याच्या कितीतरी वर येत होता. तिला दर वेळी दीड-दोन तास त्यात बसवलं असतं तर पट्टा टोचून तिने एका दिवसात बोंब मारली असती. पाच मिनिटं बसवलं तर नाही.

तेवढ्यात भाची बाहेर आली. "आत्या, कुठं चालली?"

"गाडी बाजूला लावते. ही फुलपाखरं कुणी लावली?"

"मी."

"तुझा हात पुरतो तिथे?"

"आईच्या मांडीवरून पुरतो ना."

"आणि या खुर्चीत कधी बसतेस?"

"पंक्चरवाल्या काकांपासून," ती म्हणाली. "पप्पा म्हणतात, चला, आत्याचं स्टेशन आलं. मग मी मागं."

आमच्या वसाहतीच्या वळणाअलीकडे एक पंक्चरचं दुकान आहे. तिथून आमचं दार चालत चार मिनिटं. पोलीस दिसला की हेल्मेट घालतात, तशी ती माणसं सव्वा वर्ष तिथे थांबत होती, पोरीला पुढून मागे घेत होती, पट्टा लावत होती आणि सरळ चेहऱ्याने माझ्या दारात येत होती. परत जातानाही तेच असणार, उलटं.

मी गाडी बाजूला लावली, कुलूप केलं आणि आत जाऊन चहा टाकला. आई आतल्या खोलीत झोपली होती. चहा दिल्यावर विचारलं, "पंक्चरच्या दुकानाशी किती वेळ थांबता तुम्ही?"

"कसलं दुकान?" भाऊ म्हणाला, आणि पोरीकडे बघितलं.

"तिच्याकडे बघू नकोस. तिने शपथ घेतली नव्हती."

त्याने बशी खाली ठेवली. "अक्का, मागं एकटी बसत नाय ती. लई रडती. तासभर रडणं ऐकून गाडी चालवून दाखव."

"मग तसं सांगायचं."

"तुला? तुला सांगणं म्हणजे आरटीओला सांगणं."

"सव्वा वर्ष."

"दर वेळी नाय काही."

"दर वेळी, पप्पा," भाची म्हणाली. ती बिस्किट बुडवत होती आणि तिला यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग भाऊ उलटला. "आणि तू काय केलं? दिवाळीचा फराळ खाता खाता माझ्या पोरीची मापं नेली, आन् तिकडं तिला भिंतीवर घातली. आधी इचारलं होतं व्हय? कंपनीचं काम म्हणाली. मी आपला खूश. आम्ही लबाडी केली ती फक्त मागंपुढं बसवायची."

ऑफिसचं काम आहे, हे खोटं नव्हतं. पण ते काम काय आहे हे मी सांगितलं असतं तर त्याने टेपला हात लावू दिला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून सांगितलं नव्हतं.

"ती चूक माझी," मी म्हटलं. "पण त्या चुकीने तिची मान मजबूत होत नाही."

भावजयीला बोलायची सवयच कमी. ती म्हणाली, "ताई, मी एक सांगू का. त्या खुर्चीत हिला बांधली ना, की मला तुमचं ते कॉम्प्युटरातलं दिसतं. ती मान. मी पुढं, ही मागं एकटी, बांधलेली. मग मला राहवत नाय. हातात असली म्हणजे धरून तरी ठेवीन वाटतं."

"आणि तू मागे का बसत नाहीस तिच्याजवळ?"

"मागं बसलं की मला खुलताबादच्या घाटात ओकारी येती. लग्नापासून येती. पुढं बसलं की नाय येत."

हे मला माहीत नव्हतं. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. मी तिच्या हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत सगळी मापं घेतली होती, आणि ती पुढे का बसते हे विचारलं नव्हतं. वर माझ्याच व्हिडिओने तिने पोर जास्त घट्ट धरली. पुढच्या सीटवर. त्या झाकणासमोर.

मी तिला म्हटलं, "अगं, त्या मॉडेलमध्ये आईसुद्धा होती. तिलाही मी हात दिले होते, पोरीला धरलेले. सगळ्यात आधी काय सुटतं माहीत आहे? तेच हात. मानेच्या आधी. कुणाच्याही हातात तेवढी ताकद नसते, पैलवानाच्याही नाही."

तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि ते मांडीवर घेतले.

मग मी कामाचं बोलले. निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी ओकारीची गोळी घ्यायची, डॉक्टरला विचारून. रिकाम्या पोटी निघायचं नाही. तिने मागे, खिडकीशी, पोरीजवळ बसायचं, काच उघडी ठेवायची. घाटाआधी थांबायचं. पुढची सीट रिकामी.

"म्हणजे मी ड्रायव्हर व्हय तुम्हा दोघींचा?" भाऊ म्हणाला.

"हो."

"लोक हसतील कन्नडात."

"हसू दे."

तो जरा हसला. मग नेहमीसारखा पोरीकडे हात नेत म्हणाला, "बरं, आता हिच्या गळ्या..."

"हात खाली घे," मी म्हटलं.

त्याने घेतला. मी बाहेर जाऊन खांद्याचे पट्टे वरच्या खाचेत लावले आणि ओल्या फडक्याने डॅशबोर्ड पुसला. स्टिकर नखाने काढले. एक अर्धाच निघाला.

ते गेल्यावर मी बराच वेळ त्या दुकानाचा विचार करत होते. सरांनी माझा चौथा प्रकार अहवालात घालू दिला नाही तेव्हा मी आठवडाभर त्यांच्याशी नीट बोलले नव्हते. पण त्यांनी नाही म्हटलं होतं ते नाही असंच. माझ्या भावाने हो म्हणून, पोरीच्या गळ्याला हात लावून, दर पंधरा दिवसांनी मला जे बघायला आवडतं ते दाखवलं. आमच्या अहवालातलं मूलही तसंच बसतं, पाठ टेकून, हात मांडीवर, कुणीतरी तपासणार आहे म्हणून. त्याबद्दल मी दुसऱ्यांना नावं ठेवत होते, आणि माझ्या दारात तेच होत होतं तेव्हा मला पट्टे सोडवण्यापलीकडे काही दिसलं नाही. ऑफिसात मी ते उदाहरण परत कधी दिलं नाही. एका पोराने विचारलं, मॅडम, तुमच्या भाचीचं काय झालं. मी त्याला म्हटलं, समोरच्या आलेखाकडे बघ.

पंधरा दिवसांनी ते येणार होते. त्या सकाळी मी आईला सांगितलं, भाजी आणते, आणि स्कूटर काढून मिटमिट्याच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्यावर जाऊन थांबले. पंक्चरच्या दुकानाच्या बऱ्याच अलीकडे. तिथे पेरूच्या गाड्या लागतात. त्यातल्या एकीच्या आडोशाला उभी राहिले. तपासणी सांगून करायची नसते, हे मला कामावरून कळायला हवं होतं.

वीसेक मिनिटांनी पेरूवाला म्हणाला, "मॅडम, लेना है क्या? नै तो जरा बाजू हो जाओ, गिऱ्हाइक को दिखता नै."

मी किलोभर पेरू घेतले आणि तिथेच उभी राहिले.

भावाची गाडी आली ती दूरवरूनच ओळखू आली. पुढे तो एकटा. शेजारच्या सीटवर फ्लॉवरचं पोतं, आणि त्याला पट्टा लावलेला, नाहीतर गाडी बोंबलते. मागच्या खिडकीतून भावजयीचं डोकं जवळजवळ बाहेर, तोंडाला रुमाल, चेहरा पांढरा पडलेला. तिच्या पलीकडे खुर्चीत भाची, तोंड उघडं, गात असावी किंवा रडत असावी. गाडी पुढे गेली. त्यांनी मला पाहिलं नाही.

मी आतल्या कच्च्या रस्त्याने स्कूटर घातली आणि त्यांच्या आधी घरी पोहोचले. मधे वाटेत त्यांना थांबावं लागलं असणार, कारण दहा मिनिटं उशिरा आले. भावजय उतरली आणि सरळ मोरीत गेली. मी तिच्यासाठी लिंबूपाणी करायला घेतलं.

भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "बघ अक्का, पार कन्नडपासून मागं बसवून आणली. खरं सांगतो."

"हो का," मी म्हटलं.

तो खरंच बोलत होता. मला ते माहीत होतं. पण त्याने सांगितलं म्हणून माहीत नव्हतं. ओट्यावरच्या पिशवीकडे बघून त्याने विचारलं, "पेरू कुठून आणले? इकडं तर पेरूवाला दिसला नाय."

"बाजारातून," मी म्हटलं, आणि चिरायला घेतले.